‘मोनॅड’ आणि ‘चिदणू’ : एका प्रतिशब्दाची चिकित्सा

परभाषेतील पारिभाषिक शब्द स्वीकारताना त्यामागील तत्त्वज्ञानही नकळत स्वीकारले जाते. ‘मोनॅड’ हे याचे ठळक उदाहरण होय. ‘एकटा’ या अर्थाच्या ग्रीक ‘मोनोस’शी संबंधित ‘मोनास’ म्हणजे एकक. मराठीत त्यास ‘चिदणू’ म्हटले जाते. हा प्रतिशब्द कितपत ग्राह्य आहे, याचा विचार आम्ही येथे करीत आहोत.

युक्लिडच्या ग्रंथातील सातव्या खंडात, ज्यामुळे प्रत्येक वस्तूस ‘एक’ म्हणतात ते एकक, अशी व्याख्या आहे. तीत चैतन्याचा लवलेश नाही. लाइब्निट्सच्या १७१४ मधील प्रबंधात मात्र मोनॅड हे निरवयव, संवेदनशील आणि खिडक्या नसलेले द्रव्य ठरले. एकोणिसाव्या शतकात जीवशास्त्रज्ञ सूक्ष्म एकपेशीय जीवांस, तर रसायनशास्त्रज्ञ एक संयुजेच्या मूलद्रव्यांस हेच नाव देत. अब्राहम रॉबिन्सनच्या गणितात एखाद्या संख्येच्या अनंतसमीप असलेल्या संख्यांचा संच म्हणजे मोनॅड. हॅस्केल या संगणकभाषेत ती क्रिया एकमेकींस जोडणारी रचना आहे. हाइन्रिख झिमरने जैनांच्या ‘जीवा’साठीही हाच शब्द योजिला. ‘चिदणू’ लाइब्निट्सला, फार तर जीवाला शोभतो. इतरत्र तो अनर्थ करतो.

अभिधम्मातील ‘धम्म’ म्हणजे मोनॅडच, असे म्हणण्याचा मोह अभ्यासकास होऊ शकतो. आम्हांस तो घातक वाटतो. लाइब्निट्सच्या मोनॅडवर दुसऱ्याचा परिणाम होत नाही; त्यांचा मेळ ईश्वराने पूर्वीच घालून ठेवलेला असतो. उलट संखत धम्म प्रत्ययांवाचून उद्भवतच नाहीत. पट्ठानात असे २४ पच्चय सांगितले आहेत. ‘चिदणू’ म्हटले की अनत्तवादाच्या मागील दाराने आत्मा आत येतो. निदानसंयुत्तात ‘सर्व एक’ आणि ‘सर्व अनेक’ या दोन्ही टोकांस बाजूस सारून भगवंतांनी मध्यम मार्गाने पटिच्चसमुप्पाद सांगितला आहे.

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत यंत्रमागावर विणलेला टॉवेल घ्या. मोजणाऱ्यास तो एक नग, तोलणाऱ्यास काही ग्रॅम, विणणाऱ्यास उभे-आडवे धागे आणि त्यांवर उठविलेले फासे. त्याचे ‘एक’पण धाग्यांत शोधून सापडत नाही; ते वोहारात आहे. म्हणून ते खोटे ठरत नाही. नगावर मजुरी ठरत असेल, तर एकही नग कमी धरलेला कामगारास परवडणार नाही. नागसेनांनी मिलिंदास रथाच्या दृष्टान्ताने हेच समजाविले. आणि मिलिंद राजा ग्रीकच होता, हे येथे लक्षणीय आहे.

हा प्रश्न कोशापुरता नाही. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात बाबासाहेबांनी जातीस बंदिस्त वर्ग म्हटले, आणि जात एकवचनात वास्तव नसते, अनेकवचनातच असते, असे दाखविले. बिनखिडक्यांची एकके आणि पूर्वनियोजित मेळ हे चित्र समाजास लावले, तर ज्याने त्याने आपापल्या जागी राहणे हाच सुसंवाद ठरेल. बाबासाहेबांनी त्या बंदिस्तपणाचे कारण दाखविले : सजातीय विवाह. जे कारणाने बांधले जाते, ते कारणाच्या निरोधाने सुटते.

म्हणून आमची सूचना अशी : गणितात ‘एकक’ म्हणावे, ‘चिदणू’ लाइब्निट्सपुरता ठेवावा, आणि धम्मास ‘धम्म’च म्हणावे.