गोठा मोठा म्हणून धोका मोठा?

दुभत्या गाईंमधल्या विषाणूंवर पीएचडी करायची ठरवलीत की पहिल्याच महिन्यात एका साच्यातले पेपर तुमच्या हाती पडतात. गोठ्यांना भेटी, रक्ताचे नमुने, एलायझा, मालकाकडून भरून घेतलेली प्रश्नावली, लॉजिस्टिक रिग्रेशन आणि शेवटी जोखीम घटकांचा तक्ता. त्यात बहुधा तीन नावं असतातच: मोठा गोठा, वयस्क गाय, बाहेरून आणलेलं जनावर. बोव्हाइन व्हायरल डायरिया, म्हणजे बीव्हीडीवरचे असे पेपर वाचताना मला सारखं वाटतं, की मोजणी नीट झालीय, पण प्रश्नच चुकलाय.

मोठा गोठा घ्या. एक जरी गाय पॉझिटिव्ह निघाली तरी अख्खा गोठा पॉझिटिव्ह, अशी व्याख्या सहसा असते. समजा, प्रत्येक गाय पॉझिटिव्ह असण्याची शक्यता सगळीकडे सारखीच, 5 टक्के आहे आणि सगळ्या गाई तपासल्या. 10 गाईंच्या गोठ्यात निदान एक पॉझिटिव्ह सापडण्याची शक्यता 40 टक्के; 50 गाईंच्या गोठ्यात 92! व्यवस्थेत काडीचा फरक नाही, तरी 'मोठा गोठा' तक्त्यात वर. (कॅल्क्युलेटर काढून एकदा करून बघाच.) मोठ्या गोठ्यात जनावरांची ये-जा जास्त, म्हणून धोका खरंच जास्त असेलही. पण हा तक्ता ते दाखवत नाही.

वयाचं तसंच. अँटिबॉडी वर्षानुवर्षं टिकतात, त्यामुळे म्हाताऱ्या गाईच्या रक्तात तिचा सगळा इतिहास साठलेला असतो. बाधा आत्ताची की पाच वर्षांपूर्वीची, हे त्यातून कळत नाही.

बीव्हीडीतला खरा घोळ पुढे आहे. गाय साधारण 40 ते 120 दिवसांची गाभण असताना तिला बाधा झाली, तर पोटातलं वासरू त्या विषाणूला परका मानायला शिकतच नाही. असं वासरू जगलं तर जन्मभर विषाणू सोडत राहतं, आणि सहसा त्याविरुद्ध स्वतःच्या अँटिबॉडी बनवत नाही. म्हणजे गोठ्यातला रोगाचा झरा तुमच्या अँटिबॉडी एलायझात निगेटिव्ह! आणि पॉझिटिव्ह गाय बहुतेकदा बरी झालेली असते. 'पॉझिटिव्ह गाई काढून टाका' असा सल्ला कुणी दिला, तर मालक चांगली गाय विकणार आणि रोग घरात ठेवणार.

अँटिबॉडीची चाचणी टाकाऊ आहे असं नाही. स्वीडनने 1993 साली लस न वापरता बीव्हीडी नियंत्रण सुरू केलं, तेव्हा गोठ्याच्या एकत्र दुधातल्या अँटिबॉडीही तपासल्या. पण त्यांचा प्रश्न होता, कुठल्या गोठ्यात शोध घ्यायचा? मग तिथे विषाणू सोडणारं जनावर हुडकून काढून टाकायचं. आयर्लंडने 2013 पासून प्रत्येक नवजात वासराच्या कानाचा तुकडा तपासणं सक्तीचं केलं. तिथे शोध थेट विषाणूचाच.

राहिलं बाहेरून आणलेलं जनावर. हा घटक मला पटतो, पण प्रश्नावलीत तो 'जनावर विकत आणलं का? हो/नाही' एवढ्यावरच संपतो. आणलेली गाय स्वतः विषाणूमुक्त असेल, पण पोटात तसं वासरू असू शकतं. म्हणून विचारायचं ते हे: गाय आणली तेव्हा गाभण होती का, कितव्या महिन्यात, आणि तिचं वासरू जन्मल्यावर कुणी तपासलं का?