पदे थोडी, भूमिका मोठी : ज्योत्स्ना भोळे यांची रंगभूमी

आपल्या मंडळात नाट्यगीतांचा कार्यक्रम ठरला की ‘कुलवधू’मधली ती भैरवी शेवटी ठेवायची, हे जवळजवळ ठरलेलेच असते. पेटी, तबला, नऊवारी नेसलेली गायिका, आणि डोळे मिटून माना डोलावणारे आपण. टाळ्या पडतात, मंडळी जेवायला उठतात. पण ते पद कोणत्या नाटकातले, ते गाणारी भानुमती कोण, तिचे पुढे काय होते, हे विचारले तर किती जणांना सांगता येईल? ज्योत्स्नाबाईंचे गाणे आपण जपले, पण त्यांच्यातली नटी हरवून बसलो. ही चुटपुट मनात ठेवूनच हा लेख लिहीत आहे.

ज्योत्स्नाबाईंचा जन्म 1914 साली गोव्यातल्या बांदिवडे गावी झाला. माहेरच्या त्या दुर्गा केळेकर. मुंबईत गाण्याची तालीम झाली, संगीतकार केशवराव भोळे यांच्याशी विवाह झाला, आणि 1933 साली ‘नाट्यमन्वंतर’च्या ‘आंधळ्यांची शाळा’मध्ये त्या बिंबा म्हणून उभ्या राहिल्या. नाटक नॉर्वेच्या ब्यर्नसनवरून श्री. वि. वर्तकांनी बेतलेले. स्त्रीकडून मागितले जाणारे चारित्र्य पुरुषाकडूनही मागणारी मुलगी हा त्याचा विषय. स्त्रियांनी रंगभूमीवर येणे त्या वेळी अगदीच नवे नव्हते. हिराबाई बडोदेकर त्यांच्या आधी आल्या होत्या. नवे होते ते हे, की असा प्रश्न विचारणारी तरुणी बोलत होती साध्या घरगुती मराठीत आणि गातही होती त्याच मुलीसारखी.

हे किती अवघड होते ते समजायला आधीची रीत आठवावी. बालगंधर्वांच्या काळात पद सुरू झाले की नाटक थांबे. ‘वन्समोअर’वर ‘वन्समोअर’ होत, रात्र सरे, आणि प्रेक्षक तृप्त होऊन पहाटे घरी जाई. त्या वैभवाला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण बोलपट आल्यावर तो डोलारा सावरेना. केशवरावांनी पदांची संख्या कमी केली, चाली भावगीताच्या वळणाने बांधल्या. आता गायिकेला दोन-चार मिनिटांत सगळे सांगायचे होते. तान घेता येत असूनही ती न घेणे, हा संयम ज्योत्स्नाबाईंनी दाखवला. ज्याला तान येतच नाही त्याने ती टाळली तर त्यात संयम कसला?

1942 साली मो. ग. रांगणेकरांच्या ‘नाट्यनिकेतन’ने ‘कुलवधू’ आणले. संगीत मास्टर कृष्णरावांचे. भानुमती ही कमावती सिनेनटी, आणि तिचा मोठेपणा नवऱ्याला सोसत नाही. मागे इब्सेनच्या ‘डॉल्स हाउस’ची सावली आहे, पण नोराचे नाटक बाहुलीच्या घराचे, तर रांगणेकरांनी नाव दिले ‘कुलवधू’. त्या नावातच लेखकाची तडजोड दिसते. मात्र ज्योत्स्नाबाईंचे गाणे तडजोड करत नाही. भैरवीचे शब्द मंगल, गोड बोलांचे. नाटक मात्र तडा गेलेल्या घराचे. हे ध्यानात ठेवून ध्वनिमुद्रिका पुन्हा ऐका. त्या गोडव्याखाली घर सांभाळू पाहणाऱ्या बाईची धडपड ऐकू येते. कार्यक्रमात हेच पद निव्वळ गोड होऊन जाते.

त्यांच्यावर एक आक्षेप घेतला जातो : नाट्यसंगीत हलके झाले ते या वळणाने. त्यात थोडे तथ्य आहे. थोडक्यात गाण्याची ही रीत तालीम नसलेल्या गळ्यांनीही उचलली आणि पदाचे नुसते गाणे झाले. पुढे 1967 साली ‘कट्यार काळजात घुसली’ने भरघोस गायकी परत आणली, आणि रसिकांना हायसे वाटले. पण तिथे गाणे हाच नाटकाचा विषय होता, आणि झुंज गवयांची. संसारातल्या, कमावत्या बाईला रंगभूमीवर गाता यावे, ही ज्योत्स्नाबाईंनी केलेली वाट त्या यशाने रुंद झाली नाही. 1964 च्या ‘मत्स्यगंधा’त आशालता वाबगावकरांनी सत्यवती उभी केली, तेव्हा मात्र गाणारी नटी पुन्हा भेटली.

ज्योत्स्नाबाईंना मान मिळाला नाही असे नाही. 1976 साली त्या नाट्यसंमेलनाच्या अध्यक्षा झाल्या. 2001 साली त्या गेल्या. पुण्यात त्यांच्या नावाचे सभागृह आहे. उणीव आहे ती आपल्या आठवणीत. पद टिकले कारण ते मुद्रिकेवर होते. अभिनय टिकायला नाटक करावे लागते.

म्हणून एक सुचवावेसे वाटते. या देशात आपल्या कितीतरी घरांत बायको नवऱ्याहून जास्त कमावते, आणि त्यावर जेवणाच्या टेबलावर जे बोलले जात नाही ते ‘कुलवधू’त बोलले गेले आहे. पुढच्या वेळी भैरवी गाण्याआधी त्या नाटकातला एक प्रवेश वाचून दाखवू या. दहा मिनिटे लागतील. जेवण थोडे निवेल, पण भानुमती आपल्यात येऊन बसेल.