गूगल ग्लास : जाहिरातीत आणि डोळ्यापुढे

2012 च्या एप्रिलमध्ये गूगल कंपनीने एक लहानशी चित्रफीत प्रसिद्ध केली. एक माणूस खिडकीबाहेर पाहतो, तर नजरेसमोर हवेचे तापमान उमटते. भुयारी रेल्वेच्या स्थानकाशी जातो, तर गाडी बंद असल्याची सूचना येते आणि पायी जायचा रस्ता दाखवला जातो. पुढच्या वर्षी हा चष्मा, म्हणजे गूगल ग्लास, 1500 डॉलरला निवडक लोकांच्या हाती पडला. त्याच सुमारास एका शिक्षक शिबिरात आम्ही ती फीत दाखवून 'संवर्धित वास्तव' या विषयावर तासभर बोललो. शेवटी एका बाईंनी विचारले, "डोळ्यापासून 25 सेंटिमीटरच्या आतले स्पष्ट दिसत नाही, असे आम्ही मुलांना शिकवतो. मग दोन बोटांवरचा हा पडदा वाचता कसा येतो?" तंत्रज्ञान फार पुढे गेले आहे वगैरे काहीतरी बोलून आम्ही वेळ मारून नेली. त्या प्रश्नाचा पाठपुरावा तिथेच केला असता, तर फितीची निम्मी भूल उतरली असती.

उत्तर पाठ्यपुस्तकातच आहे. चष्म्याच्या उजव्या बाजूला 640 गुणिले 360 ठिपक्यांचा एक इवलासा पडदा आहे. त्यावरून येणारा प्रकाश काचेच्या एका ठोकळ्यात शिरतो. ठोकळ्यात एक तिरका, अर्धपारदर्शक आरसा आहे आणि पलीकडच्या टोकाला अंतर्वक्र आरसा. प्रकाश आधी तिरक्या आरशातून आरपार जातो, अंतर्वक्र आरशावरून परततो आणि मग तिरक्या आरशावर वळून डोळ्यात येतो. नाभीच्या आत ठेवलेल्या वस्तूची अंतर्वक्र आरशातली प्रतिमा कशी असते? सुलट, मोठी आणि आभासी; दाढीच्या आरशात दिसते तशी. पडदा दोन बोटांवर असला, तरी डोळा पाहतो ती दूरवर भासणारी प्रतिमा.

ती केवढी? कंपनी सांगे, आठ फुटांवरून 25 इंची पडदा दिसावा एवढी. ऐकायला हे भरघोस वाटते. पण आठ फूट म्हणजे 96 इंच, आणि कर्णाचा निम्मा भाग साडेबारा इंच. भागाकार 0.13. टॅनच्या कोष्टकात याचा कोन साडेसात अंशांच्या आसपास. दुप्पट केला की 15 अंश. हात लांब करून मूठ धरली, तर ती सुमारे 10 अंश व्यापते. म्हणजे ही प्रतिमा कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दीड मुठीची, एकाच डोळ्यापुढे, नजरेच्या वर उजवीकडे. दोन्ही डोळे मिळून आपल्याला आडवे जवळजवळ 200 अंशांचे जग दिसते. चित्रफितीतल्या खुणा मात्र थेट नजरेच्या मध्यावर उमटत होत्या. याला आम्ही अतिशयोक्ती म्हणणार नाही. दाखवली ती वस्तूच वेगळी होती.

आणि हे काही पहिलेवहिले यंत्र नव्हते. 1968 साली आयव्हन सदरलँड यांनी डोक्यावर बसवायचा जो पडदा तयार केला, त्याचा दृष्टिकोन 40 अंशांचा होता. प्रत्येक डोळ्यासाठी एक छोटी ऋणकिरण नळी. डोके कुठे वळले हे मोजणारा दांडा छताला टांगलेला. चित्र होते नुसत्या रेषांच्या सांगाड्याचे, पण डोके वळवले की तेही त्याप्रमाणे बदले, जणू ती वस्तू खोलीत जागच्या जागी आहे. ग्लासमधली अक्षरे डोक्याबरोबर फिरत. रोनाल्ड अझुमा यांनी 1997 मध्ये संवर्धित वास्तवाच्या तीन अटी मांडल्या: खरे व कृत्रिम एकत्र दिसावे, प्रतिसाद तत्क्षणी मिळावा आणि कृत्रिम वस्तू त्रिमितीत खऱ्या जगाशी जुळलेली असावी. तिसऱ्या अटीवर ग्लास नापास होतो. तो कोपऱ्यात टांगलेला सूचनाफलक होता. आम्ही शिबिरात तासभर जे नाव घेत होतो, ते त्याला लागूच नव्हते.

आणखी एक अडचण प्रकाशाची, आणि ती वर्गात दाखवता येते. उभ्या काचेपुढे पेटती मेणबत्ती ठेवा, काचेमागे तितक्याच अंतरावर पाण्याचा पेला. पाण्यात ज्योत जळताना दिसते. 1862 साली लंडनमध्ये पेपर यांनी रंगमंचावर भूत दाखवले ते याच युक्तीने. आता पेल्यामागचा पडदा सरकवून ऊन येऊ द्या. ज्योत फिकी पडते. अर्धपारदर्शक आरसा समोरच्या दृश्यात प्रकाशाची भर घालू शकतो, वजाबाकी करू शकत नाही. अशा चष्म्यात काळा रंग म्हणजे पारदर्शक. कृत्रिम वस्तूची सावलीही पाडता येत नाही. आणि आपल्याकडच्या दुपारच्या उन्हात त्या बारीक अक्षरांचे काय होईल, हे वाचकांनीच ताडावे.

विजेचा हिशोब तर दोन ओळींचा. घट सुमारे 2.1 वॉट-तासांचा. यंत्राने 2 वॉट खर्च केले, की तासाभरात रिकामा. सतत चित्रण करू लागले, की दांडी तापे आणि घट भराभर उतरे. घट मोठा करावा, तर भार नाकावर आणि कानावर; सदरलँडना निदान छत तरी होते.

चष्म्यातल्या कॅमेऱ्यामुळे लोक बिथरले आणि म्हणून तो बुडाला, असे सर्रास लिहिले जाते. लोक बिथरले होते, हे खरेच. पण कॅमेरा काढून टाकला असता, तरी प्रतिमा दीड मुठीचीच राहिली असती. सर्वसामान्यांसाठीची विक्री जानेवारी 2015 मध्ये थांबली. 2017 पासून तो कारखान्यांसाठी निघाला आणि तिथे बऱ्यापैकी चालला. ज्याचे दोन्ही हात कामात आहेत अशा कारागिराला पुढची पायरी कोपऱ्यात वाचायला मिळाली तरी पुरते; तिथे ऊन नसते आणि अक्षरे यंत्राला चिकटलेली दिसायची गरजही नसते. मार्च 2023 मध्ये तीही विक्री बंद झाली.

शिबिरातल्या त्या बाईंचे नाव लिहून घ्यायचे राहिले. त्या कोणाच्या शाळेत असतील, तर हा अंक त्यांना जरूर दाखवावा.