‘रशियन भूमी’ कोणत्या भाषेत?

निकोलाय करमझिन यांच्या बारा खंडांच्या ग्रंथाचे नाव ‘रशियन राज्याचा इतिहास’. त्याला प्रत्युत्तर म्हणून निकोलाय पोलेवोय यांनी १८२९पासून ‘रशियन लोकांचा इतिहास’ प्रसिद्ध करायला सुरुवात केली. वाद शीर्षकातच आहे: इतिहास राज्याचा की लोकांचा? या वादात साक्षीला बोलवावे असे एक छोटे पुस्तक करमझिन यांनाच त्रॉइत्स्की मठाच्या हस्तलिखितांत सापडले होते. ते म्हणजे अफानासी निकितिनचा ‘तीन समुद्रांपलीकडचा प्रवास’.

निकितिन त्वेरचा व्यापारी. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात तो व्होल्गेने खाली निघाला, अस्त्राखानजवळ लुटला गेला आणि देर्बेंट, बाकू, इराण, होर्मुझ असे करत चौलच्या बंदरात उतरला. पुढे जुन्नर, मग बहमनींची राजधानी बीदर. परतताना स्मोलेन्स्कला पोहोचण्याआधीच तो वारला. करमझिन यांनी अभिमानाने नोंदवले की वास्को द गामाच्या आधी एक रशियन माणूस भारतात होता. १९५७च्या ‘परदेसी’ या भारत-सोव्हिएत चित्रपटाने त्याला मैत्रीचा दूत केले. दोन्ही वाचनांत निकितिन राष्ट्राचा प्रतिनिधी ठरतो. मजकूर मात्र तसे सांगत नाही.

एक तर त्याला कोणी पाठवलेच नव्हते. लुटीनंतर सोबतचे लोक पांगले. घरी काही शिल्लक होते ते परतले. ज्यांच्या डोक्यावर कर्ज होते त्यांना पाय नेतील तिकडे जावे लागले. निकितिन पुढे गेला तो शोधाच्या ध्यासाने नव्हे. होर्मुझहून त्याने विकायला घोडा आणला, कारण दख्खनच्या फौजांना घोडे हवे होते. जुन्नरच्या खानाने तोच घोडा हिसकावला आणि धर्म बदलण्याची अट घातली. सुटका झाली ती खुरासानच्या एका मुसलमान ख्वाजाच्या रदबदलीने. बाजारभावांच्या त्याच्या नोंदींत निराशा आहे: मिरी आणि रंग स्वस्त, पण रशियन भूमीला उपयोगी असा माल नाही, वर जकात आणि समुद्रावर चाचे.

दुसरे म्हणजे, तो ‘रशियन भूमी’ म्हणतो तेव्हा त्या नावाचे एकसंध राज्य नव्हते. त्वेर हे मॉस्कोचे प्रतिस्पर्धी संस्थान होते. मॉस्कोने ते १४८५मध्ये घेतले. म्हणजे राज्याच्या आधी भूमीची कल्पना होती, आणि ती एका कर्जबाजारी माणसाच्या मनात, बीदरच्या वास्तव्यात, घट्ट झालेली दिसते.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. ग्रंथकारांची नजर चुकवून गेलेली एक प्रार्थना या पुस्तकात आहे. देवाने रशियन भूमी राखावी, तिच्यासारखी दुसरी भूमी नाही, जरी तिथले सरदार अन्यायी असले तरी. तिथे न्याय नांदो, असे निकितिन मागतो. ही प्रार्थना त्याने रशियनमध्ये लिहिलेली नाही. सिरिलिक लिपीत, पण व्होल्गा-कास्पियनच्या बाजारात चालणाऱ्या तुर्कीमिश्रित बोलीत ती लिहिली आहे, आणि तिथे देवाची नावेही अरबी-फारसी आहेत. पुस्तकाचा शेवटही अरबी प्रार्थनेने होतो.

याचे स्पष्टीकरण अभ्यासकांनी वेगवेगळे दिले आहे. सरदारांवरची टीका लपवण्यासाठी, कुणी म्हणते. तो मनाने मुसलमान झाला होता, असेही. पण लुटीत धर्मग्रंथ गेल्यामुळे ईस्टर कधी येतो हेही कळेना, म्हणून हळहळणारा आणि मुसलमानांबरोबर उपास धरणारा हा माणूस अशा एका खणात बसत नाही. व्यवहाराची भाषाच त्याच्या अंतःकरणाची भाषा झाली होती, हे मला अधिक पटते. अनेक भाषांत जगणाऱ्या आपल्या वाचकाला यात नवल वाटू नये.

मायभूमीवरचे प्रेम आणि तिच्या सत्ताधाऱ्यांविषयीची तक्रार एका श्वासात, परक्या म्हणवल्या जाणाऱ्या भाषेत व्यक्त होते, तेव्हा ‘शुद्ध रशियन लोक’ ही कल्पना टिकत नाही. भूमी आणि सत्ता यांत निकितिनने केलेला भेद मात्र टिकतो. आज रशियाचा इतिहास पुन्हा केवळ राज्याचा म्हणून सांगितला जात असताना, हे पुस्तक कुतूहलाची वस्तू म्हणून न वाचता इतिहास म्हणून वाचायला हवे.