पवनचक्क्या दिसल्या, नदी राहिली

स्पेनमधल्या ला मांचा या सपाट, उन्हाने भाजलेल्या प्रदेशात एक सायकलवाट आहे. तिचं नाव डॉन किहोतेच्या नावावरून ठेवलंय. सर्वांतेसच्या कादंबरीचा पहिला भाग 1605 साली आला. त्याला 400 वर्षं झाली तेव्हा, म्हणजे 2005 मध्ये, तिथल्या प्रादेशिक सरकारने ही वाट आखली. जुन्या गाडीवाटा, मेंढरांचे रस्ते, द्राक्षमळ्यांमधल्या कच्च्या वाटा जोडत गेल्या, आणि सगळे फाटे धरून लांबी सुमारे 2,500 किलोमीटर झाली. बराचसा रस्ता मातीचा आणि खडीचा, त्यामुळे जाड टायरची माउंटन बाइकच बरी.

मी ही वाट फोनवर नकाशा उघडून आणि शेजारी कादंबरी ठेवून ‘केली’. घाम आला नाही, पण एक गोष्ट लक्षात आली. कादंबरीवरून आखलेली वाट म्हणजे त्या कादंबरीचं एक वाचनच असतं. कुठे थांबायचं, कशाचा फोटो काढायचा, काय ओलांडून पुढे जायचं, हे सगळं ती वाट ठरवते. मग हे वाचन कसं आहे?

पहिलं उत्तर सोपं आहे: पवनचक्क्या. कांपो दे क्रिप्तानाच्या टेकडीवर पांढऱ्या भिंतींच्या दहा पवनचक्क्या उभ्या आहेत. मॅग्नेटपासून टी-शर्टपर्यंत सगळीकडे त्याच. पण कादंबरीत हा प्रसंग पहिल्या भागाच्या आठव्या प्रकरणात येतो आणि दोनेक पानांत आटोपतो. किहोते आपटतो, उठतो, पुढे जातो. हजारभर पानांच्या पुस्तकातली दोन पानं आपण त्याचा लोगो करून टाकली.

ही कादंबरी या भूमीत खरोखर खोल उतरते ती दुसरीकडे. क्रिप्तानाहून आर्गामासियामार्गे आग्नेयेला गेलं की सपाट माळ संपतो, लाल माती आणि ओकची झाडं सुरू होतात, आणि मग रुइदेराची तळी लागतात. पंधराएक तळी, एकाखाली एक. पाण्यातला चुना साचून तयार झालेले नैसर्गिक बांध त्यांना अडवतात आणि एका तळ्याचं पाणी त्या बांधांवरून खालच्या तळ्यात पडतं. जवळच मोंतेसिनोसची गुहा आहे. 1615 मध्ये आलेल्या दुसऱ्या भागात, बावीस ते चोवीस या प्रकरणांत, किहोते कमरेला दोर बांधून या गुहेत उतरतो.

तासाभराने सांचो त्याला वर ओढून काढतो. किहोते म्हणतो, मी तीन दिवस खाली होतो. त्याने काय पाहिलं? मर्लिन जादूगाराने मंतरलेली माणसं. त्यांतली रुइदेरा नावाची बाई, तिच्या सात मुली आणि दोन भाच्या इतक्या रडल्या, की मर्लिनला दया आली आणि त्याने त्यांची तळी केली. ग्वादियाना नावाचा सेवक धन्यासाठी रडत होता, त्याची नदी झाली. ती नदी वर आली, सूर्य दिसला, आणि धन्याला खाली सोडून आल्याच्या दुःखाने पुन्हा जमिनीत शिरली. शिवाय दुल्सिनेयाची एक सखी येऊन सहा रेआल उसने मागते आणि या महान सरदाराच्या खिशात निघतात चार. स्वप्नातही पैसे कमी पडतात. कादंबरीतला सगळ्यात हसरा आणि सगळ्यात उदास प्रसंग कुठला, असं विचारलं तर मी दोन्हींसाठी हाच सांगेन.

इथे आणखी एक पात्र आहे, गुहेपर्यंत वाट दाखवणारा एक विद्वान पोरगा. त्याला माहिती गोळा करायचा नाद. जगात पहिली सर्दी कुणाला झाली, याचा शोध लावल्याचा त्याला अभिमान आहे. किहोतेची हकिकत ऐकून तो खूश होतो, कारण ग्वादियाना आणि रुइदेराची ‘उत्पत्ती’ आता त्याच्या पुस्तकात घालता येईल. रडणं कुणाचं, कशासाठी, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. ‘इथे किहोते आला होता’ असं सांगणारी प्रत्येक वाट याच पोराची वारसदार आहे. सर्वांतेसने आपल्या पर्यटकाची थट्टा चारशे वर्षं आधीच करून ठेवली.

या वाटेवर एक जण आधी फिरला होता. 1905 मध्ये, कादंबरीच्या तीनशेव्या वर्षी, आसोरीन नावाचा लेखक एका वर्तमानपत्रासाठी घोडागाडीतून हिंडला आणि त्याच्या लेखांचं ‘ला रूता दे डॉन किहोते’ हे पुस्तक झालं. तोही रुइदेराला आणि गुहेत गेला. त्याची बाजू ही, की तो नुसती स्थळं मोजत नाही. रिकाम्या गल्ल्या, थकलेली माणसं, संपता न संपणारा माळ पाहतो. पण मला त्याची एक गोष्ट खटकते. त्या गरिबीतही त्याला सौंदर्यच जास्त दिसतं. गावाची मरगळ तो स्पेनचा आत्मा म्हणून खपवतो. ती मरगळ कुणी आणली, हा प्रश्न त्याच्या सुंदर वाक्यांखाली दबून जातो.

तोच प्रश्न आज पाण्याबद्दल विचारायला हवा. ग्वादियाना जमिनीत गडप होते आणि पुढे वर येते, ही समजूत फार जुनी आहे. रोमन लेखक प्लिनीनेही तसं लिहिलंय. आपल्याकडे प्रयागला गुप्त सरस्वती मानतात, तसंच काहीसं. दायमिएलजवळ जिथे पाणी वर यायचं, त्या झऱ्यांना ‘ग्वादियानाचे डोळे’ म्हणतात. प्रत्यक्षात ते भूजलाचे झरे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सिंचनासाठी विहिरीमागून विहिरी खोदल्या गेल्या, भूजल खाली गेलं आणि 1980च्या दशकात हे डोळे आटले. पुढे चांगल्या पावसानंतर पाणी काही काळ परतलं, पण आधीसारखं नाही. शेजारच्या तब्लास दे दायमिएल या पाणथळ राष्ट्रीय उद्यानात तर 2009 मध्ये कोरड्या पडलेल्या जमिनीखालचा पीटचा थर जळत होता. पाणथळ जागेत, जमिनीखाली आग.

सर्वांतेसने नदी लपण्याचं कारण दुःख सांगितलं, आपण ते पंप करून दाखवलं. म्हणून या वाटेबद्दल माझी तक्रार ती पर्यटनाची आहे, ही नाही. किहोते स्वतः पुस्तक वाचून घराबाहेर पडलेला पहिला पर्यटकच. तक्रार ही, की तिने पुस्तकातलं सोपं चित्र उचललं आणि अवघड गोष्ट रस्त्याकडेला सोडली.

कधी जाणं झालंच, तर क्रिप्तानाला फोटो काढा, सगळेच काढतात. रुइदेराला मात्र सायकल आडवी करून ती तीन प्रकरणं वाचा. मग दायमिएलपर्यंत जा आणि ‘डोळ्यां’त पाणी आहे का ते बघा.