वकिलाचा धर्म आणि कादंबरीचा न्याय

अर्ल स्टॅन्ली गार्डनर यांनीं १९३३ सालीं पेरी मेसन या वकिलाला जन्म दिला, मराठींत कै. सुहास शिरवळकर यांनीं फौजदारी वकील अमर विश्वास उभा केला. शिरवळकरांची भाषा चपळ, संवाद चुरचुरीत. त्यांनीं तरुणांस वाचनाची गोडी लाविली, हें ऋण नाकारणें कृतघ्नपणाचें होईल.

तथापि या जातीच्या कथेवर आमचा एक आक्षेप आहे. तींत आरोपी सुटावयाचा, तर बहुधा खरा गुन्हेगार सांपडावाच लागतो. कायद्याची अशी अट नाहीं. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यानें गुन्हा शाबीत करण्याचा भार फिर्यादी पक्षावर टाकिला; १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागीं भारतीय साक्ष्य अधिनियम आला, तरी तो भार हालला नाहीं.

जुन्नर वा घोडेगाव येथील न्यायालयाच्या आवारांत मुलाच्या खटल्यासाठीं बसलेल्या शेतकऱ्याच्या वकिलापाशीं खरा गुन्हेगार हजर करण्याची जादू नसते. साक्षींतील विसंगति दाखविणें हेंच त्याचें शस्त्र. संशयाचा फायदा मिळून मुलगा सुटला, तर गांव म्हणतें, ‘पैशानें सुटला!’ ही समजूत दृढ करण्यांत अशा कादंबऱ्यांचा कांहींच वांटा नाहीं काय?

आपला अशील दोषी कीं निर्दोष हें ज्यास ठाऊक नाहीं, आणि तरीही जो प्रामाणिकपणें उलटतपासणीस उभा राहतो, अशा वकिलाची कादंबरी कोणी लिहील, तर तिचें आम्ही मनःपूर्वक स्वागत करूं.