लाकूडकामातील हात-कंपनाचे मापन : आयएसओ ५३४९-१ या मानकाची चिकित्सा

प्रास्ताविक :
सँडिंग मशीन, जिगसॉ, राउटर यांसारख्या हातात धरून चालवायच्या विद्युत अवजारांचे कंपन वर्षानुवर्षे हातात उतरत राहिल्यास बोटांतील रक्ताभिसरण व संवेदना बाधित होतात. थंडीत बोटे पांढरी पडणे हे या विकाराचे ठळक लक्षण होय. १९१८ मध्ये ॲलिस हॅमिल्टन यांनी अमेरिकेतील इंडियाना राज्यात चुनखडीचे दगड घडविणाऱ्या कामगारांमध्ये त्याचा अभ्यास केला होता. असे कंपन मोजण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या आयएसओ ५३४९-१ (२००१) या आंतरराष्ट्रीय मानकाची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

मानकाचे स्वरूप :
अवजाराच्या मुठीवर त्वरणमापक घट्ट बसवून परस्परांना लंब असलेल्या तीन अक्षांवरील त्वरण मोजले जाते. तिन्ही मूल्यांच्या वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ काढून ते आठ तासांच्या कामाच्या दिवसाशी समतुल्य केले जाते. १९८६ च्या आवृत्तीत सर्वाधिक कंपनाचा एकच अक्ष ग्राह्य धरला जाई; त्या तुलनेत ही पद्धत निश्चितच अधिक सर्वंकष आहे. युरोपीय संघाच्या २००२ च्या निर्देशाने तिच्याच आधारे दैनंदिन कंपनासाठी २.५ मी./से.² ही उपाययोजनेची, तर ५ मी./से.² ही कमाल मर्यादा निश्चित केली.

मानकाची मर्यादा :
मूळ प्रश्न भारांकनाचा आहे. मोजलेले त्वरण जसेच्या तसे न घेता वारंवारतेनुसार त्याला कमी-अधिक भार दिला जातो. सुमारे ८ ते १६ हर्ट्झ या पट्ट्यात हा भार सर्वाधिक असून त्यापुढे तो वारंवारतेच्या व्यस्त प्रमाणात घटत जातो. हे भारांकन मुख्यतः माणसाला कंपन किती जाणवते यावरील प्रयोगांतून आले आहे. परंतु जे कमी जाणवते ते रक्तवाहिन्यांना कमी अपाय करते, हे गृहीतक त्यातून सिद्ध होत नाही.

उदाहरणार्थ, मिनिटाला १२,००० फेरे घेणाऱ्या सँडिंग मशीनचे प्रमुख कंपन २०० हर्ट्झचे असते. तेथे भार सुमारे ०.०८ इतकाच आहे. म्हणजे मुठीवर प्रत्यक्षात ३० मी./से.² कंपन असले, तरी कागदावर २.४ उतरते. पूर्ण आठ तास पॉलिशपेपर मारणारा कारागीरही मग उपाययोजनेच्या मर्यादेखालीच गणला जातो.

ही उणीव आयएसओच्याही लक्षात आलेली दिसते. २०१७ च्या १८५७० क्रमांकाच्या तांत्रिक अहवालात रक्तवाहिन्यांच्या इजेसाठी, सुमारे २० ते ४०० हर्ट्झ या पट्ट्याला महत्त्व देणारे वेगळे भारांकन सुचविले आहे. मात्र त्याचे स्थान पूरक पद्धतीचेच आहे.

निष्कर्ष :
हे मानक मोजमापाला शिस्त लावते, परंतु त्याचा एकच आकडा सुरक्षिततेचा दाखला ठरू शकत नाही. जलद गतीच्या अवजारांबाबत भारांकित मूल्यासोबत भारविरहित मूल्य व प्रमुख वारंवारताही नोंदविणे आवश्यक आहे. अन्यथा नोंदवहीत सुरक्षित ठरलेल्या कारागिराची बोटे मात्र बधिर होत राहतील.